डोळ्यांचा प्रसाद



प्रसाद म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पंक्तीत वाढलेले अन्न येते. मठात दासोह झाला, पंक्त बसली, लिंगाला अर्पण करून घास घेतला, म्हणजे प्रसाद घडला, अशी आपली समजूत असते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. शरणांनी अष्टावरणात प्रसादाला स्थान दिले आणि षट्स्थलात प्रसादिस्थल ही एक स्वतंत्र पायरीच मानली, ती केवळ जेवणाच्या पानापुरती नव्हे. माणूस तोंडाने जेवतो, तसाच तो डोळ्यांनी आणि कानांनीही जेवत असतो. पोटात गेलेल्या अन्नाचे रक्त होते. डोळ्यांनी आणि कानांनी आत गेलेल्या गोष्टींचे मन होते.

म्हणून आपल्या शास्त्रात लिंग सहा ठिकाणी सांगितले आहे. नाकाच्या ठायी आचारलिंग, जिभेच्या ठायी गुरुलिंग, डोळ्यांच्या ठायी शिवलिंग, त्वचेच्या ठायी जंगमलिंग, कानांच्या ठायी प्रसादलिंग आणि हृदयाच्या ठायी महालिंग. या सहांना सहा पदार्थ अर्पण करावयाचे असतात. गंध, रस, रूप, स्पर्श आणि शब्द हे पाच तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. सहावा पदार्थ कोणता? तो आहे तृप्ती. हृदयस्थ महालिंगाला तृप्ती अर्पण होते. पहिले पाच पदार्थ कितीही आले आणि सहावा आला नाही, तर ते अर्पण पुरे झाले असे म्हणता येत नाही. हा सहावा पदार्थ आज आपण विशेष ध्यानात ठेवावयाचा आहे, कारण आजच्या निरूपणाचे सारे मर्म त्यात आहे.

या महिन्यात विषय घेतला आहे तो विद्यार्थ्यांच्या हातातील मोबाइलचा. मठात दर्शनाला येणारे आई-वडील पूर्वी मुलाच्या परीक्षेसाठी, मुलीच्या लग्नासाठी आशीर्वाद मागत. अलीकडे दर चार-दोन दिवसांनी कोणी तरी निराळेच गाऱ्हाणे घेऊन येते. "स्वामीजी, पोरगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल बघतो. सकाळी उठवले की अंगावर येतो. पुस्तक उघडतो, पण पाच मिनिटेही बसवत नाही." कोणी म्हणते, "मुलगी पहिल्यासारखी बोलत नाही. फोटो टाकते आणि कोणी काय म्हटले ते दिवसभर बघत राहते. कोणी काही म्हटले नाही तर जेवत नाही." ही गाऱ्हाणी निपाणीची असोत, सोलापूरची असोत की हैदराबादची, त्यांचा सूर एकच आहे.

देशभरातील ग्रामीण मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालात २०२४ साली १४ ते १६ वर्षांच्या मुलांना मोबाइलविषयी विचारले गेले. शंभरातील सुमारे ८२ मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. मागच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केले, असे सांगणारी मुले सुमारे ५७ टक्के होती. समाजमाध्यमे पाहिली, असे सांगणारी सुमारे ७६ टक्के. म्हणजे ही गोष्ट केवळ शहरातील श्रीमंतांच्या लेकरांची राहिलेली नाही. ती उसाच्या फडाशेजारच्या घरात आणि माळावरच्या वस्तीवरही पोचली आहे.

आता कोणी विचारील, पाहण्यात दोष तो काय? डोळे पाहण्यासाठीच तर आहेत. आम्ही म्हणतो, दोष पाहण्यात नाही. पंक्तीचाच दाखला घेऊ. पंक्तीत वाढपी येतो आणि विचारतो, "वाढू का?" आपण पानावर हात आडवा धरला की तो पुढच्या पानाकडे जातो. वाढणारा विचारतो, जेवणारा थांबवतो आणि पुरे झाले की हात धुऊन उठतो. या तीन गोष्टी आहेत म्हणून जेवणाला शेवट आहे, आणि शेवट आहे म्हणून तृप्ती आहे. मोबाइलच्या पडद्यावर मात्र विचारणारा वाढपी नाही. एक चित्रफीत संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होते. बोट वर सरकवत जावे तो खालून नवे येतच राहते. पूर्वी संगणकावर एक पान संपले की पुढचे पान मागावे लागे. ते मागताना क्षणभर का होईना, मन भानावर येई. हा क्षणही राहू नये, अशी न संपणाऱ्या पानाची युक्ती अझा रास्किन नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने २००६ च्या सुमारास काढली. पुढे तिचे परिणाम पाहून त्यानेच जाहीरपणे खेद व्यक्त केला. फेसबुकवर 'लाईक'ची खूण २००९ साली आली, आणि आपण कोणाला किती आवडलो हे आकड्यात मोजण्याची सवय जगाला लागली.

या कंपन्यांचे उत्पन्न जाहिरातींवर चालते. माणूस जितका वेळ पडद्यासमोर राहील तितक्या जाहिराती त्याला दिसतील. तेव्हा त्याला उठू न देणे हाच तेथील व्यवहार आहे. आपण काय पाहिले, कोठे थांबलो, कशावर बोट ठेवले याची नोंद ठेवून पुढचे पान वाढले जाते. तिखट आवडणाऱ्याला तिखट, गोड आवडणाऱ्याला गोड, रागीट माणसाला राग येईल असे आणि उदास माणसाला उदासीत भर घालील असे. अशा पंक्तीला बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलाने आपण होऊन उठावे, ही अपेक्षा आपण ठेवतो. तो उठला नाही की त्याला नादान म्हणतो. समोरचा खेळ किती असमान आहे, याचा विचार मात्र करीत नाही.

आता सहावा पदार्थ आठवावा. दोन तास त्या पडद्यावर घालवून उठलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे. तेथे रूप भरपूर आले, शब्द भरपूर आला. तृप्ती आली का? पोटभर जेवलेला माणूस शांत असतो. हा मात्र चिडलेला असतो, त्याचे डोळे चुरचुरतात आणि कोणी हाक मारली तरी तो खेकसतो. महालिंगापर्यंत काही पोचलेच नाही, त्याचे हे लक्षण आहे. जे अर्पण झाले नाही ते भक्ताने सेवन करू नये, असा प्रसादाचा नियम आहे. अर्पण करावयाचे म्हणजे घास तोंडाशी नेण्यापूर्वी क्षणभर थांबावयाचे आणि हे लिंगाला दाखवण्यासारखे आहे का, असे मनाला विचारावयाचे. हा क्षणभराचा थांबा हाच प्रसादाचा प्राण आहे, आणि मोबाइलच्या पंक्तीत नेमका तोच काढून टाकलेला आहे.

याचा शरीरावर होणारा परिणामही समजून घेतला पाहिजे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. दिवसभर शिकलेले मनात पक्के बसते ते झोपेतच. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांवर उजेड पडत राहिला तर झोप आणणारा शरीरातील रस उशिरा पाझरतो, आणि त्या उजेडापेक्षाही 'अजून एकच बघतो' हा हव्यास झोप दूर ठेवतो. झोप मोडली की चित्त ठिकाणावर राहत नाही. चित्त राहिले नाही की अभ्यास मागे पडतो. अभ्यास मागे पडला की भीती वाटते, आणि त्या भीतीपासून पळण्यासाठी हात पुन्हा मोबाइलकडेच जातो. असे हे रहाटगाडगे आहे. शिवाय दुसऱ्याच्या घरातील सणावाराचे, सहलीचे, नव्या कपड्यांचे निवडक फोटो पाहून आपल्या रोजच्या जगण्याशी त्यांची तुलना करीत बसले की मुलांच्या मनात न्यूनता घर करते. दिवसाला तीन तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या किशोरवयीनांत उदासी आणि चिंता यांचा धोका दुप्पट आढळतो, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २०२३ साली जाहीर निवेदनात सांगितले.

तथापि येथे सावधपणे बोलले पाहिजे. मोबाइलमुळे मूल उदास होते, हे जसे घडते, तसेच मूल आधीच उदास असते म्हणून मोबाइलमध्ये तोंड लपवते, हेही घडते. घरात रोजचे भांडण असेल, शाळेत कोणी छळत असेल, गणित समजत नसेल आणि सांगायची चोरी असेल, तर त्या मुलाला तो पडदाच आसरा वाटतो. अशा मुलाच्या हातून मोबाइल हिसकावून घेतला तर आसराही गेला आणि दुःख तसेच राहिले. म्हणून आधी विचारावे, "बाळा, तुला काय होते आहे?" मग मोबाइलचे बोलावे.

आणि हा मोबाइल मुलांच्या हाती दिला कोणी? २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या, तेव्हा उसनवारी करून, क्वचित गुरे विकूनही आई-वडिलांनी मुलांसाठी मोबाइल घेतले. त्यात त्यांचे प्रेम होते आणि त्या वेळी दुसरा मार्गही नव्हता. शाळा पुन्हा उघडल्या, मोबाइल मात्र हातातच राहिला. त्याही आधीपासून, लेकरू रडले की त्याच्यापुढे पडदा धरायचा आणि त्याला भरवायचे, ही रीत आपल्याच घरांतून सुरू झाली होती. घास तोंडात आणि डोळे भलतीकडे, असे जेवण ज्याला दुसऱ्या वर्षापासून मिळाले, त्याने चौदाव्या वर्षी प्रसादाचा अर्थ जाणावा कसा?

महात्मा बसवेश्वरांनी मनाला या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारणाऱ्या माकडाची उपमा दिली आहे. ती उपमा त्यांनी कोणाच्या मनाला दिली, हे पाहण्यासारखे आहे. शेजाऱ्याच्या नव्हे, मुलाबाळांच्या नव्हे, स्वतःच्या मनाला. कल्याणच्या राज्याचा कारभार सांभाळणारा तो महापुरुष आपल्याच मनाकडे बोट दाखवतो, आणि जग सुधारण्याआधी आपले तन-मन सावरा, असे इतरांनाही सांगतो. आपण मात्र एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने मुलाला दटावतो. वडील जेवताना बातम्या बघतात, आई कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता रील बघते, आणि आजोबाही आता सकाळी उठल्याबरोबर शंभर जणांना शुभप्रभात पाठवतात. इष्टलिंग पूजेला बसताना मोबाइल शेजारी ठेवणारे भक्तही आम्ही पाहिले आहेत. तो वाजला की डोळे उघडतात. डाव्या तळहातावर लिंग असते आणि नजर उजवीकडे जाते. ज्या तळहाताला शरणांनी करस्थल म्हणून लिंगाचे पीठ मानले, त्या तळहातावर आपण दिवसाकाठी काय किती वेळ धरतो, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्याशीच करावा.

म्हणून मोबाइल फेकून द्यावा का? आम्ही तसे सांगत नाही. शरण हे जग टाकून रानात जाणारे नव्हते. ते कायक करणारे होते. विणकराला माग हवा, चांभाराला रापी हवी, नाविकाला वल्हे हवे. कायकाचे साधन पूज्यच आहे. ज्या खेड्यात ग्रंथालय नाही तेथील मुलगी आज त्याच मोबाइलवर विज्ञानाचा पाठ ऐकते, शेतकरी बाजारभाव पाहतो, परगावी शिकणारा मुलगा आईशी बोलतो. पण विणकर उठतो तेव्हा माग थांबतो. माग त्याला रात्री दोन वाजता हाक मारीत नाही. साधन आपल्या हाकेला येते तोपर्यंत ते साधन. आपण त्याच्या हाकेला धावू लागलो की आपणच त्याचे साधन झालो.

सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येऊ नये, असा कायदा ऑस्ट्रेलियात २०२५ च्या १० डिसेंबरपासून अमलात आला. कायदा करणे हे राज्यकर्त्यांचे काम. पण आपल्याच मुलखात कायद्यावाचून काही घडले आहे, ते अधिक शिकण्यासारखे आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवले की, रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत गावातले सारे मोबाइल आणि दूरदर्शन संच बंद राहतील. मुले अभ्यास करतील, मोठी माणसे एकमेकांशी बोलतील. सुरुवातीला घरोघर जाऊन समजूत घालावी लागली. मग वळण पडले. बेळगावजवळच्या हलगा गावानेही २०२४ च्या अखेरीस असाच नियम केला. या नियमाचे मर्म असे की, तो एकट्या मुलांवर लादलेला नाही. भोंगा वाजला की सरपंचाचाही मोबाइल बंद होतो. वाढपी विचारीत नाही म्हणून गावानेच पानावर हात आडवा धरला.

आपल्या घरी भोंगा नसला तरी दिवेलागण आहे. भक्तांनी आपल्या घरात एवढे तरी करून पाहावे. दिवा लावल्यापासून जेवण होईपर्यंत घरातल्या सर्वांचे मोबाइल एका फडताळात ठेवावेत; आधी मोठ्यांनी आपले ठेवावेत, मग मुलांना सांगावे. मन्मथस्वामींचा परमरहस्य ग्रंथ आपल्या पुष्कळ घरांत आहे. त्याच्या पाच ओव्या एखाद्या दिवशी मुलाने वाचाव्यात, एखाद्या दिवशी आजीने. पानावर बसताना मोबाइल जवळ नसावा. रात्री तो झोपण्याच्या खोलीबाहेर राहावा, आणि गजरासाठी साधे घड्याळ आणावे. सकाळी नजर प्रथम पडद्यावर न पडता इष्टलिंगावर पडावी. तळहातावर लिंग घेऊन दहा मिनिटे एकटक पाहणे हे आरंभी कठीण जाईल, मन पळेल. पळाले की रागावू नये, पुन्हा आणावे. पळालेले मन परत आणण्याची ही सवयच पुढे पुस्तकाशी बसताना उपयोगी पडते. मुलांना रोज काही अंगमेहनतीचे कायक आणि मैदानावरचा खेळ असू द्यावा. रिकामा केलेला वेळ चांगल्या गोष्टीने भरला नाही तर जुनी गोष्टच परत येते. आणि हे सारे एका दिवसात करू नये. रोज सहा तास पाहणाऱ्याला आधी पाचावर, मग चारावर आणावे.

काही वेळा मात्र एवढ्याने भागत नाही. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, खाणेपिणे आणि झोप बिघडली असेल, मित्र टाळत असेल, शाळा सोडू म्हणत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर तो रोग समजावा आणि विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयाच्या शंभरात सुमारे सात मुलांना मनाचा काही ना काही विकार आढळला होता. म्हणजे आपल्या शाळेच्या प्रत्येक वर्गात असे मूल असू शकते. यात वेड नाही, कलंक नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही. ताप आल्यावर आपण विभूती लावतो आणि औषधही देतो. येथेही तसेच करावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून रात्रंदिवस चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे आणि तेथे आपल्या भाषेत बोलता येते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत मोबाइल व संगणकाच्या आहारी गेलेल्यांसाठी २०१४ सालापासून स्वतंत्र उपचारकेंद्र आहे. हा क्रमांक भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. लागला नाही तर उत्तम, लागला तर शोधत बसावे लागू नये.

कल्याणच्या अनुभवमंटपात अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली राजाचा प्रधान बोलत असे, तसाच मोळीविक्या आणि नावाडीही बोलत असे. कोणाचे बोलणे हलके मानले जात नसे. तसा छोटा अनुभवमंटप रोज संध्याकाळी आपल्या घरी भरला, आणि दहावीतल्या मुलाचेही बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले गेले, तर त्याला आपले म्हणणे ऐकवायला अनोळखी माणसांच्या दारी जावे लागणार नाही.

शेवटी दोन शब्द विद्यार्थ्यांसाठी. मुलांनो, तुमच्यात काही खोट आहे म्हणून हे सांगत नाही. तुमचे डोळे हे शिवलिंगाचे स्थान आहे, म्हणून सांगतो. पडद्याकडे हात जाईल तेव्हा घासापूर्वी थांबतात तसे क्षणभर थांबा आणि मनाला विचारा, हे मी मागितले आहे का? मागितले असेल तर जरूर पाहा, आणि काम झाले की पान उलटे घालून उठा. कधी थांबता आले नाही तर खचू नका. उद्या पुन्हा थांबून पाहा. आणि मनावरचे ओझे फार जड झाले तर आई, वडील, गुरुजी, डॉक्टर, यांपैकी एकाला तरी ते सांगा. मठाचे दारही तुमच्यासाठी उघडे आहे. येथे कोणी रागावणार नाही.

सर्वांच्या डोळ्यांना प्रसाद आणि हृदयाला तृप्ती लाभो.

शरणु शरणार्थी.